मागच्या खोलीतले सुटे भाग

४ फेब्रुवारी

ती बहिणीकडे गेली त्याला आज सहा दिवस झाले. ही वही दुकानाची. तिच्या अक्षरातली शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे, ‘टेबलफॅन, वरच्या मजल्यावरच्या आजी, पाती पुसून द्यावीत.’ त्यापुढची पानं कोरी. लिहायचं काम कायम तिचं आणि पान्याचं काम माझं. आता बोलायला कोणी नाही म्हणून मीच लिहितोय. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण वाचणार कोण आहे.

जाताना भांडण नाही, आदळआपट नाही. पिशवी भरली, गॅस बंद आहे का ते दोनदा बघितलं, मागच्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, “ही खोली रिकामी झाली की कळवा. मग येईन.” मी एका मशीनचा टायमर उघडून बसलो होतो. “बरं,” म्हणालो. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाऊन येईल. तास-दीड तासाने उठलो तर घरात कोणी नाही.

चौतीस वर्षं फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, पंखे दुरुस्त केले. मग लोकांनी दुरुस्त करणंच सोडलं. बिघडलं की टाकतात, नवीन आणतात. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं आणि तिथला सगळा माल मागच्या खोलीत आणून टाकला. जुन्या मशिनींतून काढून ठेवलेले चांगले भाग. मोटरी, ड्रम, पंप, फ्रिजच्या जाळ्या, दारांची रबरं, बटणं, भांडी फुटलेले मिक्सर. छतापर्यंत. आत जायला एका माणसाची वाट आहे, तीही तिरकं चालून.

माणसाने शब्द दिला की पाळायचा. तिने दिलाय, खोली रिकामी झाली की येईन. म्हणजे खोली रिकामी करायची. साधा हिशेब आहे.

६ फेब्रुवारी

भंगारवाला आला होता. दारातूनच एक नजर टाकली आणि म्हणाला, “काका, दोन माणसं आणतो, दुपारपर्यंत खोली झाडून देतो. सगळं वजनावर.”

वजनावर म्हणे. ज्या पंपासाठी मी एके काळी तीन बाजार पालथे घातले तो पंप आणि वाकलेली सळई, दोन्ही एकाच काट्यात. मी त्याला पाणी दिलं, योग्य माणूस मिळाला की देईन म्हटलं आणि वाटेला लावलं.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, “बाबा, म्हणजे आई उद्या घरी आली असती.” तिला काय समजावणार. एकेक भाग योग्य माणसाच्या हातात जायला हवा. घाईत केलेलं काम परत दुकानात येतं, हे मी चौतीस वर्षं बघितलंय.

९ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. पलीकडच्या चौकातला मिस्त्री. त्याला मशीनचा पाणी उपसायचा पंप हवा होता, कंपनीकडे तो आता मिळत नाही. माझ्याकडे पंप अकरा. पण कुठला कुठल्या मशीनचा?

आमच्या मालाला चिठ्ठ्या आहेत, दोऱ्याने बांधलेल्या, तिच्या अक्षरात. पण त्यावर ना नंबर, ना मॉडेल. तिने माणसं लिहिलीत. ‘डॉक्टरांची आई, आवाज फार.’ ‘दोन जुळी असलेलं घर.’ ‘नवरा बोलत नाही ती बाई.’ दुकानात काही अडलं नाही, कारण मी विचारायचो आणि ती हात घालून काढून द्यायची. आता मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघतोय आणि मी चिठ्ठ्या वाचतोय.

शेवटी तिला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. तो फोन बहुतेक हातातच धरून बसते, बहिणीकडे काम नसेल.

“अगं, त्या चौकोनी तोंडाच्या मशीनचा पंप कुठला?”

“‘तक्रार करणारे मास्तर’ बघा. डावीकडे, खोक्यात, चौथ्या ड्रममागे.”

तिथेच होता. मिस्त्री खूश. मग ती म्हणाली, “जेवलात का?” मी म्हटलं, “मिस्त्री उभा आहे, ठेवतो.”

१२ फेब्रुवारी

आज रोपवाटिकेतली बाई येऊन गेली. मशीनच्या ड्रमना सगळीकडे भोकं असतात, पाणी साचत नाही, गंजतही नाही. म्हणाली झाडं लावायला याच्याइतकी चांगली कुंडी नाही. नऊ ड्रम नेले. फ्रिजच्या जाळ्याही नेल्या, रोपांचे ट्रे एकावर एक ठेवायला. एवढी वर्षं मी ड्रमकडे बघतोय, मला त्यात कपडेच दिसले.

तिला सांगायला फोन केला. म्हणजे विचारायचं होतंच, की जाळ्यांचे खिळे कुठे आहेत. तिने सांगितलं. मग ड्रमचं सांगितलं तर हसली. बऱ्याच दिवसांनी ते हसू ऐकलं. घरी असताना हसत होती का, ते आठवायला बसलो आणि नीट आठवेना.

१३ फेब्रुवारी

काही झालं नाही. घर खायला उठतं.

१७ फेब्रुवारी

शिंपी दारांच्या रबराचा गठ्ठा घेऊन गेला. फ्रिजच्या दाराच्या रबरात आतून लोहचुंबकाची पट्टी असते. ती काढून टेबलाच्या कडेला चिकटवणार, टाचण्या आणि सुया पडायला नकोत म्हणून. लगेच करून दाखवलं. पन्नासेक टाचण्या ओळीने चिकटल्या. शिंपी लहान पोरासारखा बघत राहिला आणि मीही.

आता एक पद्धत बसलीय. सकाळी मागच्या खोलीत जायचं, काहीतरी हाताला लागतं, चिठ्ठी वाचायची, अडलं की तिला फोन. दिवसाला तीन होतात, कधी चार. ती कंटाळत नाही. उलट सांगत बसते, ती ‘नवरा बोलत नाही ती बाई’ दुकानात किती वेळ बसून असायची, कसा मुद्दाम मिक्सर बिघडवून आणायची. “मुद्दाम?” मी म्हटलं. ती म्हणाली, “तुम्ही तीन वेळा तोच मिक्सर उघडलात आणि तीन वेळा म्हणालात की काही बिघडलेलं नाही. मग कळायला नको?” मला वाटलं होतं वायर सैल असावी.

२० फेब्रुवारी

नाटकवाला आला. त्यांच्या नाटकात विमानाचा पुढचा भाग दाखवायचा आहे, म्हणून बटणं हवीत, जेवढी असतील तेवढी. मी दोन खोकी काढून दिली. वॉशिंग मशीनची, ओव्हनची, पंख्यांची. तो एकेक बटण फिरवून टकटक ऐकत होता. ‘नाजूक कपडे’ लिहिलेलं बटण त्याने वैमानिकाच्या उजव्या हाताला बसवायचं ठरवलंय. प्रेक्षकाला दिसणार नाही म्हणाला, पण नटाला बरं वाटेल.

खोलीचा मागचा खिडकीचा भाग मोकळा झाला. दोन वर्षांनी खिडकी उघडली. तिला फोनवर सांगितलं, खिडकी दिसायला लागली. ती म्हणाली, “बाहेर काय दिसतं?” मी म्हटलं, “भिंत.” “त्याच्या वर?” मी बघितलंच नव्हतं. परत गेलो, बघितलं. आकाश होतं, दोन तारा होत्या. तसं सांगितलं.

२३ फेब्रुवारी

लेकीचा फोन. “आईला ती खोली कशाला हवीय, ते विचारलंत का?”

मी म्हटलं, “रिकामी हवीय. त्यात विचारायचं काय?”

ती म्हणाली, “बाबा, तुमच्यापुढे हात टेकले.” माझं काय चुकलं ते सांगितलं नाही. आजकालच्या मुलांना नीट सांगता येत नाही.

२७ फेब्रुवारी

हे लिहायला जिवावर आलंय, पण लिहितो.

मातीची भांडी करणारी बाई आली होती. तिला चाक फिरवायला मोटर हवी, हळू फिरणारी पण दमाची. वॉशिंग मशीनची मोटर उत्तम. मी म्हटलं, एकोणीस आहेत, हवी ती निवडा. एकेक जोडून दाखवत होतो. सातवी तिला आवडली. अजिबात थरथर नाही, कोणी वापरलीच नाही अशी. चिठ्ठी बघितली तर त्यावर गिऱ्हाईक नव्हतं. लिहिलं होतं, ‘माझं. दोन दिवसांत परत बसवणार.’ खाली तारीख, चौदा वर्षांपूर्वीची.

मला वाचल्याबरोबर आठवलं. चार बिघडलेल्या मशिनींतून मी तिच्यासाठी एक मशीन उभं केलं होतं. तीन आठवडे चाललं. मग त्या जुळ्यांच्या घरचा पंप गेला, त्यांची अडचण मोठी होती, मी आमच्या मशीनचा काढून दिला. दोन दिवसांसाठी. मग कोणाला तरी पट्टा हवा होता. मग दाराची कडी. मग राहिलेलं मशीन जागा खातंय म्हणून मीच सोडवून ठेवलं, दोन दिवसांत परत बसवतो म्हणालो. ती काही बोलली नाही. निदान मला तरी तसं वाटतं.

चौदा वर्षं ती कपडे हाताने धुतेय. आधी दुकानात, मग शेजारच्या खोलीत एकोणीस मोटरी. मी गावभरच्या बायकांची मशीनं चालू करत फिरत होतो, आणि आमच्याकडे बादली.

बाईला मी दुसरी मोटर दिली. ती गेल्यावर फोन हातात घेतला आणि परत ठेवला. विचारणार काय? मोटर कुणाची, हे तर चिठ्ठीवरच लिहिलेलं होतं.

२ मार्च

तीन दिवस फोन केला नाही. तिचाही आला नाही. एकदा तिचा नंबर चमकला आणि मी उचलेपर्यंत बंद झाला. चुकून लागला असेल.

आज कपडे धुतले. हाताने, मुद्दाम. दोन चादरी पिळताना मनगटं गेली. तिची मनगटं हिवाळ्यात दुखतात, तेव्हा मी मलम आणून देत होतो. मलम आणल्याचं मला कौतुक वाटायचं स्वतःचं. लाज वाटते आता लिहितानासुद्धा.

ती हवी आहे. दुसरं काही लिहायचं सुचत नाही.

४ मार्च

सकाळी उठून भंगारवाल्याला बोलावलं. “सगळं ने,” म्हटलं. त्याला खरं वाटेना. “काका, योग्य माणूस मिळाला का?” मी म्हटलं, “तूच योग्य माणूस, उचल.”

चिठ्ठ्या तेवढ्या सोडवून घेतल्या. दोन माणसांनी दुपारपर्यंत होतं नव्हतं ते नेलं, फळ्यासुद्धा. ती मोटर मात्र स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली. खोली झाडली, पुसली, परत पुसली. इतकी मोठी आहे हे मला माहीतच नव्हतं. आवाज घुमतो.

फोन लावला. “खोली रिकामी झाली. फळ्यासुद्धा गेल्या.”

“बरं,” ती म्हणाली.

“मग कधी येतेस?”

“बघते.”

मग ती म्हणाली, बहीण बोलावतेय. हे ‘बघते’ मला समजलं नाही. ठरलं तर खोलीचंच होतं.

७ मार्च

आली नाही.

९ मार्च

आजही नाही. बसच्या दोन्ही वेळांना फाटकापर्यंत जाऊन आलो. शेजाऱ्याने विचारलं, “कोणाची वाट बघताय?” मी म्हटलं, “पाय मोकळे करतोय.” त्याने माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं.

आता फोन तरी कशाला करायचा? खोलीत काही असतं तर विचारलं असतं. खोली भरलेली होती तेव्हा दिवसाला चार वेळा आवाज ऐकू यायचा. रिकामी करून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला असं वाटतंय. आज भंगारवाल्याकडे जाऊन एखादं खोकं परत आणावं, असंही मनात आलं. माणसाचं डोकं फिरायला एकटेपणा पुरतो.

११ मार्च

आज मी एक लबाडी केली.

रिकाम्या खोलीत मधोमध उभा राहिलो आणि फोन लावला. “अगं, ती काळ्या कडीच्या ड्रायरच्या दाराची स्प्रिंग कुठे आहे? गिऱ्हाईक आलंय.”

तसला ड्रायर आमच्याकडे कधीच आला नाही. ती क्षणभर थांबली.

मग म्हणाली, “तिसऱ्या फळीवर बघा. निळ्या डब्याच्या मागे.”

“हां, बघतो.”

“दिसली?”

“नाही दिसत.”

“मग नीट बघा. डब्याच्या डावीकडे. सावकाश बघा, मला काही घाई नाही.”

मी भिंतीकडे बघत राहिलो. ती मधे मधे विचारत होती, मी “नाही, इथे नाही” म्हणत होतो. मग म्हणाली, कदाचित खालच्या खोक्यात असेल, ते एकेक करून उपसा. असं वीस मिनिटं चाललं. मधेच म्हणाली, “जेवलात का?” मी म्हटलं, “हो. तू?” ती म्हणाली, “हे पहिल्यांदाच विचारलंत.” पहिल्यांदाच कसं असेल. पण शेवटचं कधी विचारलं ते मला सांगता आलं नाही.

फोन ठेवल्यावर काळजी वाटायला लागली. फळ्या गेल्या हे मी तिला स्वतः सांगितलं होतं. आणि निळा डबा कधीच नव्हता. एकेका खिळ्याची जागा सांगणारी बाई, तिचं असं व्हायला लागलं. वय झालं, दुसरं काय.

१२ मार्च

लेकीला हे सगळं सांगितलं, आईच्या विसरभोळेपणाचं. लेक इतकी हसली की तिला खोकला आला. मग तिचा आवाज एकदम बदलला. “बाबा, ती काही विसरलेली नाही. तुम्ही तिला न्यायला का जात नाही?”

“ती येईन म्हणाली होती.”

“बाबा.”

एवढंच म्हणाली आणि थांबली. पुढचं काही सांगावं लागलं नाही. निळा डबा मला तेव्हा कुठे दिसला. चौतीस वर्षं मशीनचा आवाज ऐकून आतलं काय गेलंय ते सांगणारा माणूस मी, आणि माझ्याच बायकोशी बोलताना कानात बोळे घालून बसलो होतो. उद्या पहिल्या बसने जातो.

१३ मार्च

मेहुणीच्या घरी, दुपार. बाहेरच्या खोलीत बसून लिहितोय. वही पिशवीत राहिली होती.

बसमध्ये काय बोलायचं ते पाठ करत होतो. दार मेहुणीने उघडलं. मला बघितलं, आत जाऊन फक्त “आले बघ” म्हणाली आणि स्वतः भाजी आणायला निघून गेली. भाजीची पिशवी घ्यायलाही विसरली.

ती समोर आली. केस थोडे जास्त पांढरे वाटले. की आधीपासूनच होते, मी बघितले नव्हते, देव जाणे. पाठ केलेलं सगळं विसरलो.

म्हटलं, “तुझ्या मशीनची मोटर सापडली.”

“मला माहीत होतं ती कुठे आहे,” ती म्हणाली. “मला सगळंच माहीत होतं कुठे काय आहे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“पहिलं वर्षभर सांगत होते. तुम्ही ‘हो’ म्हणत होतात.”

मी म्हटलं, “माझं चुकलं.” हे शब्द तोंडातून बाहेर काढायला मला चौदा वर्षं आणि दीड महिना लागला. तिने डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही, नुसती बघत होती. मग मी लेकीने सांगितलेलं विचारलं. “तुला ती खोली कशाला हवी होती?”

“मला खोली नको होती,” ती म्हणाली. “तुम्ही हवे होतात. दुकान बंद केलंत तेव्हा मला वाटलं, आता माणूस घरी आला. तुम्ही दुकानच घरात आणलंत आणि आत जाऊन बसलात. दोन वर्षं मी दाराशी चहा ठेवत होते. तुम्ही त्या खोलीतून बाहेर यावं, एवढंच होतं माझं.”

मी उभाच राहिलो. तिनेच खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, “बसा. इतक्या लांब आलात.” मला बसवेना. तिचा हात धरला. हात खरखरीत होता, आणि का ते मला माहीत होतं. तिने सोडवून घेतला नाही.

चारची बस आहे. येशील का, असं विचारलं. या वेळी ‘बघते’ म्हणाली नाही. म्हणाली, “एक दिवस राहा इथे. घाई कसली आहे? तिथे आता करायला काय आहे तुम्हाला?” खरंच काही नाही. हे म्हणताना पहिल्यांदा बरं वाटलं.

ती आत चहा टाकतेय. कपांचा आवाज येतोय, दोन कपांचा. हाक मारतेय. वही मिटतो आणि जातो.